प्याल्याची कड

"मास्तर, सही इथं करायची," असं म्हणत मी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

शांतवन मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि टेबलावर वाकून वाचायला लागले. देवळाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. एका बाजूला मी आणि आमचे जुने पंच काशिनाथराव, समोर मास्तर आणि त्यांच्याबरोबर आलेला सिमोन गवंडी. कागद मी स्वतः लिहिला होता. पंचायत समितीत हेडक्लार्क होतो मी, आणि जगातली कुठलीही भानगड चांगल्या मसुद्यानं मिटते अशी माझी ठाम समजूत होती.

मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. "आम्ही खाली सह्या करणारे, सन एकावन्न साली मंडळीची शिस्त मोडून, उपासना अर्धवट टाकून निघून गेलो, त्याबद्दल मंडळीसमोर उभे राहून क्षमा मागतो आणि आम्हांस पुन्हा पदरात घ्यावे अशी नम्र विनंती करतो." त्यांनी मान वर केली. "अक्षर सुरेख आहे रे. तिसरीत किती पट्ट्या खाल्ल्यास ह्या अक्षरापायी!"

"तुमचीच कृपा, मास्तर."

सिमोन ताडकन उठला. "चला मास्तर. आपण काय भीक मागायला आलो न्हाई. नको आपल्याला त्यांचं देऊळ अन् त्यांचा पाळक. आपला पत्राच बरा."

"बस रे," मास्तर म्हणाले. पण तो बसला नाही, दाराशी जाऊन उभा राहिला.

आमची करंजवाडी म्हणजे मुळा नदीकाठचं नगर जिल्ह्यातलं लहानसं गाव. गावात ख्रिस्ती लोकांच्या दोन मंडळ्या. आमची वरची, जुनी, दगडी देवळाची. त्यांची खालची, ओढ्यापलीकडची, पत्र्याच्या शेडमध्ये भरणारी. चाळीस वर्षांपूर्वी एका रविवारी सव्वीस घरं आमच्या देवळातून उठून गेली ती परत आलीच नाहीत. ती घरं सगळी खालच्या वाड्यातली. आम्हीही गावाच्या लेखी वेशीबाहेरचेच, पण बाहेरच्यांतही आमचा वाडा वरचा आणि त्यांचा खालचा. बाप्तिस्मा दोन्हीकडे झाला, वाडे मात्र होते तिथंच राहिले. फक्त शांतवन मास्तर आमच्या वाड्यातले, माझ्या वडिलांचे जिवाभावाचे मित्र, आणि तेही त्या दिवशी त्यांच्याबरोबर उठून गेले. पुढे ते तिथंच राहिले, तिथंच त्यांनी मंडळी उभी केली.

आता दोन वर्षं झाली, दोन्हीकडे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. आमचे पाळकसाहेब निवृत्त झाले, त्यांचे वारले. प्रांताच्या कार्यालयातून पत्र आलं की, एवढ्याशा गावात दोन पाळक देता येणार नाहीत. झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, एक झालात तर एक पाळक मिळेल, नाहीतर तो दुसऱ्या गावी जाईल. पाळक नाही म्हणजे प्रभुभोजन नाही, प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षरस वाटून घेणं नाही. आणि माझ्या घरात माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची, हृदय निकामी होत चाललेली. नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन पावसाळ्यापर्यंतची मुदत सांगितली होती. आईचं मागणं एकच होतं. "देवा, मरायच्या आधी एकदा प्रभूच्या मेजावर बसव मला."

तरीही मी माफीनाम्यावर अडून बसलो होतो. का, विचाराल तर उत्तर सोपं आहे. मंडळीचा सेक्रेटरी होतो ना! त्यांच्या घरी जाऊन 'या' म्हणायचं, तर मग आमचा मान काय राहिला?

मास्तर म्हणाले, "देवदान, ह्यातली सव्वीस घरांची नावं काढून टाक. माझं एकट्याचं नाव ठेव."

"असं कसं? ठराव सगळ्यांचा झालाय."

"त्या माणसांनी क्षमा मागण्यासारखं काही केलेलं नाही. त्यांना मी घेऊन गेलो. तेव्हा उभा मी राहीन, तुझ्या सगळ्या मंडळीसमोर राहीन. चालेल का सांग, नाहीतर हा सिमोन मला उचलून घेऊन जाईल."

मी काशिनाथरावांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच होकार दिला. सव्वीस मुंडकी नाही तर नाही, म्होरक्या तर वाकतोय! मी सव्वीस घरांवर काट मारली आणि मास्तरांनी सही केली.

"उभा राहून काय बोलायचं ते मात्र माझं मी बोलेन," पेन परत देताना ते म्हणाले. सिमोन बाहेर थुंकला आणि चालायला लागला.

घरी आलो तो मी हवेतच होतो. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी सगळं रंगवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शांतवन उभा राहणार? अन् तू?"

"मी सेक्रेटरी. मी मंडळीच्या वतीनं क्षमा जाहीर करणार."

"दप्तर काढून वाचलंस का? त्या रविवारचं?"

वाचलं होतं. मसुदा करायला आधार हवा म्हणून एकावन्न सालची वही मी ट्रंकेतून काढली होती. त्या वेळी सेक्रेटरी माझे वडील होते, अक्षर त्यांचंच. एकच ओळ होती. प्याला पुसण्याच्या किरकोळ कारणावरून श्री. शांतवन व इतर सव्वीस कुटुंबे उपासना सोडून गेली, सबब नावे कमी केली.

"किरकोळ कारणावरून वाद झाला असं लिहिलंय," मी म्हणालो.

"किरकोळ," आई म्हणाली. "व्हय." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. मग तिकडूनच म्हणाली, "इचारायचं असंल तर इचार. मी हाय अजून."

मी विचारलं नाही. कुणाचा प्याला, कुणी पुसला, कशासाठी पुसला, एवढे तीन प्रश्न. रोज कचेरीत लोकांना तीस प्रश्न विचारून भंडावून सोडणारा मी, आईला तीन विचारायला घाबरलो. मनात कुठंतरी ठाऊक असल्याशिवाय माणूस असा घाबरत नाही. मी तिला गोळी दिली, पाणी दिलं आणि रेडिओ लावला.

झावळ्यांच्या रविवारी नवे पाळकसाहेब सकाळच्या एस.टी.नं आले. तरुण होते, बोलायला मोकळे. दारात उभं राहून प्रत्येकाला सलाम करत होते. आमची माणसं नेहमीपेक्षा लवकर आली आणि सगळे बाक अडवून बसली. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी उठूनही जागा दिली नाही. मी बघत होतो. मीच मागं दाराजवळ जाजमं अंथरून ठेवली होती.

खालची मंडळी ओढा ओलांडून झावळ्या हातात घेऊन गात आली. दारात आल्यावर गाणं थांबलं. त्यांनी भरलेले बाक बघितले, जाजमं बघितली आणि ती खाली बसली. सगळ्यात शेवटी सिमोनची आई आली, लेयाबाई. सत्तरीची, काटकुळी, धुतलेलं पांढरं लुगडं. ती जाजमाच्या कडेला, चपलांच्या ढिगाशेजारी बसली. लहानपणापासून तिला बघत होतो मी, बाजारात, एस.टी. स्टँडवर, दळणाच्या रांगेत. कधी एक शब्द बोललो नव्हतो.

पाळकसाहेबांनी मास्तरांचं नाव घेतलं. मास्तर पुढं आले. आमच्याकडे शिस्तभंगासाठी काढलेल्या माणसाला परत घ्यायचं तर त्यानं मेजासमोर, मंडळीकडे तोंड करून उभं राहायचं, असा रिवाज होता. मी लहानपणी दोनदाच पाहिला होता. दोन्ही वेळा उभे राहिलेले लोक रडले होते. मास्तर रडले नाहीत.

"मंडळी," ते म्हणाले, "मी ह्या दारावरून चाळीस वर्षं गेलो-आलो. एकदाही आत बघितलं नाही. माझा एक मित्र इथं होता. तो बारा वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मातीलाही मी आलो नाही. राग आला होता तो बरोबर होता की चूक, ते मी सांगत नाही. पण आलेला राग मी सांभाळला, पोरासारखा वाढवला. त्याबद्दल तुम्ही मला क्षमा करा."

एवढंच. शिस्त मोडल्याचा शब्द नाही, कुणाचं नाव नाही. पण जे बोलले त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मला राग आला. वाटलं, म्हाताऱ्यानं माझा मसुदा गुंडाळून ठेवला! पण लोक माझ्याकडे बघत होते. मी उठलो आणि छाती पुढं काढून, खणखणीत आवाजात म्हणालो, "मंडळी तुम्हाला क्षमा करीत आहे."

तो आवाज मला आजही ऐकू येतो. जेवताना येतो, दाढी करताना येतो. पुढच्या बाकावर आई बसली होती. तिनं मान खाली घातली आणि हातातली झावळी बोटाला गुंडाळत राहिली.

मग प्रभुभोजन. आमच्या देवळात लोक आठ-दहाच्या रांगेनं पुढं येऊन गुडघे टेकतात. पाळक भाकर देतात आणि त्यांच्यामागून सेक्रेटरी प्याला घेऊन जातो, एकच प्याला, चांदीचा, जुना. प्रत्येकाच्या ओठाला लावायचा आणि पुढं सरकायचं. डाव्या हातावर घडी घातलेला पांढरा रुमाल असतो, पण तो अगदी शेवटी, सगळ्यांचं झाल्यावर प्याला पुसून झाकायला. मधे कुणी पुसत नाही. तसा नियमच आहे. मी पंधरा वर्षं प्याला धरत होतो आणि मधे कधीही पुसला नव्हता.

आधी आमच्या माणसांच्या रांगा झाल्या. आईची पाळी आली तेव्हा ती उठली नाही. मी खूण केली, तिनं मान हलवली. आई कायम भाकर घ्यायची आणि प्याला आला की डोकं वाकवून पुढं जाऊ द्यायची. द्राक्षरस आंबट असतो, तिला पित्ताचा त्रास, असं वडील आम्हाला सांगत आणि आम्हीही तसंच धरून चाललो होतो. आता भाकरही नको की काय? मरायच्या आधी एकदा, म्हणत होती ना?

शेवटी खालच्या मंडळीच्या रांगा लागल्या. शेवटची रांग पुढं यायला लागली तेव्हा आई उठली. भिंतीला धरत, बाकाला धरत निघाली. सिमोन धावला आणि त्यानं तिला हात दिला. तिला गुडघे टेकता येत नव्हते म्हणून त्यानं खुर्ची आणली, तर ही म्हणते, "हितं न्हाई. लेयाच्या अंगाला लावून ठेव." लेयाबाई रांगेच्या टोकाला गुडघ्यांवर होती. तिच्या शेजारी खुर्ची लागली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण आईचा हात लेयाबाईच्या खांद्यावर होता.

पाळकसाहेब भाकर देत पुढं गेले. मी प्याला घेऊन मागून निघालो. एक, दोन, तीन, सगळे घेत होते, मी सरकत होतो. लेयाबाईपाशी आलो. तिनं प्याल्याकडे बघितलंच नाही. आधी माझ्या डाव्या हातावरच्या रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग डोळे मिटले. मी प्याला तिच्या ओठाला लावला, ती एक घोट प्याली.

पुढं आई होती.

आणि माझा डावा हात वर आला. देवाशपथ सांगतो, मी त्याला उचलला नाही. मनात कसला विचार आला नाही, किळस नाही, काही नाही. आई आहे, आजारी आहे, एवढंच काहीतरी. हात आपोआप वर आला, रुमाल कडेला लागला, आणि लेयाबाईचे ओठ जिथं टेकले होते तिथं तो फिरणार, तेवढ्यात आईनं माझं मनगट पकडलं. त्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"पुसू नको," ती म्हणाली. हळू, पण पुढचे चार बाक ऐकतील असं. "तुझ्या बापानं हितंच पुसला व्हता. हिच्या तोंडचा. माझ्यासाठी."

मी तसाच उभा. रुमाल कडेला चिकटलेला. पाळकसाहेबांना काही कळेना, ते ताटली धरून थांबले.

"कडेवर सिमोन व्हता हिच्या," आई म्हणाली. "नवा बाप्तिस्मा झालेला. ही प्याली अन् तुझ्या बापानं रुमाल फिरवला, एकदा न्हाई, तीनदा, अन् मग मला दिला. अन् मी..." माझं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं. "मी प्याले रं. पुसलेला प्याला मी प्याले. त्यानंतर न्हाई."

तिनं माझं मनगट सोडलं, दोन्ही हातांनी प्याला धरला, फिरवला, लेयाबाई प्याली होती ती जागा स्वतःकडे आणली आणि प्याली. चाळीस वर्षांनी. थोडा रस हनुवटीवरून ओघळला. लेयाबाईनं पदरानं तिची हनुवटी पुसली.

पुढची प्रार्थना मला आठवत नाही. लोक बाहेर पडले, आमच्यातले काहीजण जाजमं गुंडाळू लागले, काही नुसतेच उभे होते. मी मास्तरांना निंबाखाली गाठलं.

"मास्तर, तुम्हाला ठाऊक होतं."

"मी शेजारीच तर होतो त्या दिवशी."

"मग सांगायचं होतं! माझ्या तोंडावर फेकायचा होता तो कागद. माझ्या बापाचं नाव घ्यायचं होतं सगळ्यांसमोर!"

"तो काय उत्तर द्यायला येणार होता?" मास्तर चष्मा पुसायला लागले. "मागच्या महिन्यात तुझी आई रिक्षा करून आली होती माझ्याकडं. म्हणाली, 'शांतवन, मला लेयाबरोबर प्यायचंय आणि माझ्याकडं दिवस थोडे आहेत.' देवदान, तुझ्याशी वाद घालायचा म्हटलं असतं तर तू दोन वर्षं घातला असतास. तेवढा वेळ नव्हता. मग म्हटलं, कागदात काय लिहायचंय ते लिहू दे पोराला."

म्हणजे आईच्या एका घोटासाठी तो माणूस आमच्यासमोर उभा राहिला, आणि मी त्याला क्षमा केली! खणखणीत आवाजात! मी तिथंच पारावर बसलो. मास्तरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते आपल्या माणसांबरोबर ओढ्याकडे निघून गेले.

आई मिरगाच्या आधीच गेली. तिच्या मातीला दोन्ही वाडे आले आणि खड्डा सिमोननं खणला.

त्यानंतरच्या रविवारी मी लेयाबाईच्या घरी गेलो. ओढ्यापलीकडे मी पहिल्यांदा गेलो, माझ्या सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात. खिशात तोच मसुदा होता. शांतवन मास्तरांचं नाव खोडून तिथं माझं घातलं होतं, आणि शिस्त मोडल्याच्या जागी काय मोडलं ते लिहिलं होतं. लेयाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आत ये की. भाईर का उभा?"

"इथंच बरा आहे," मी म्हणालो आणि उभ्यानं वाचायला लागलो. कचेरीत शेकडो कागद वाचले होते. हा पाच ओळींचा कागद वाचताना तीनदा थांबलो. वडिलांचं वाचलं, माझं वाचलं, क्षमा मागितली.

लेयाबाईचे हात सुपात थांबले होते. ती म्हणाली, "एक सांगू का? त्या दिशी प्याला पुसताना तुझा हात थरथरत व्हता. तुझ्या बापाचा न्हाई थरथरला."

ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. तिला माझ्यात काहीतरी चांगलं दिसलं होतं, तेवढं तिनं उचलून मला दिलं. मला ते घेता आलं नाही. मी तिथंच तिच्या ओट्यासमोर, भर दुपारी, रस्त्यानं माणसं जात असताना, लहान पोरासारखा रडलो. ती उठली, आत गेली आणि पाणी घेऊन आली.

ह्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मास्तर गेले, लेयाबाई गेली, पत्र्याच्या शेडमध्ये आता मंडळीची बालवाडी भरते. सिमोन सेक्रेटरी आहे, आणि माझ्यापेक्षा चांगला आहे. दर प्रभुभोजनाच्या आधी मी त्याला सांगतो की बाबा, प्याला माझ्या हातात देऊ नकोस, दुसऱ्या कुणालाही दे. तो ऐकून घेतो आणि दरवेळी प्याला माझ्याच हातात देतो.

रुमाल मात्र तो स्वतःच्या खिशात ठेवतो.